अनाथ वन्यजीव आणि चतुर्विध दान : ऑस्ट्रेलियातील जीवरक्षणाचा एक अभ्यास

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार आपल्या शास्त्रकारांनी सांगितले आहेत. पाठशाळेत गेलेल्या प्रत्येक मुलास ते मुखोद्गत असतात. पर्युषणात व दशलक्षण पर्वात त्यांवर व्याख्याने होतात, जीवदयेची टीप फिरते, आणि प्रत्येक पेढी आपापल्या ऐपतीप्रमाणे तीत आकडा मांडते. हे सर्व योग्यच आहे. तथापि आकडा मांडला म्हणजे दान पुरे झाले, अशी एक समजूत आपल्या व्यापारी वर्गात नकळत रूढ झालेली दिसते. तिचा थोडा विचार व्हावा आणि त्या विचारास एका परदेशच्या उदाहरणाची जोड मिळावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हे उदाहरण ऑस्ट्रेलिया खंडातील आहे. आपल्या धान्यबाजारास तो देश अगदीच परका नाही. तेथील हरभरा आणि मसूर आपल्या बंदरांत उतरतात, आणि तिकडचे पीक कसे आहे याची विचारपूस आम्ही घाऊक व्यापारी नेहमीच करीत असतो. ज्या विस्तीर्ण शेतांतून तो माल येतो त्यांच्या बांधांवर, आणि ज्या रस्त्यांनी मालाचे ट्रक रात्रंदिवस धावतात त्या रस्त्यांवर, कांगारू, वॉलबी, वॉम्बॅट, पॉसम असे तेथील मूळचे प्राणी मरण पावतात व त्यांची पिले अनाथ होतात. अशी पिले उचलून आणणारी, रात्रीचा दिवस करून त्यांस वाढविणारी आणि शेवटी पुन्हा वनात सोडून देणारी हजारो सामान्य माणसे त्या देशात आहेत. कोणी शिक्षिका आहे, कोणी शेतकरी आहे, कोणी निवृत्त कारकून आहे. या कामाचे वेतन त्यांतील बहुतेकांस मिळत नाही. आपल्या चतुर्विध दानाची नावे त्यांनी ऐकलेली नसतील. परंतु त्यांच्या कामाची पाहणी केली असता चारही दाने तेथे एकाच ठिकाणी नांदताना दिसतात.

१. मागील बाकी

नव्या वर्षाची वही उघडताना मागील बाकी प्रथम ओढावी लागते. ऑस्ट्रेलियाची मागील बाकी फार मोठी आहे, आणि तिचा संबंध व्यापाराशीच आहे.

टास्मानिया बेटावर पट्टेदार पाठीचा एक मांसाहारी प्राणी असे. त्यास थायलसीन किंवा टास्मानियाचा वाघ म्हणत. हा प्राणी मेंढ्या मारतो, म्हणून लोकरीच्या धंद्याचे नुकसान होते, अशा समजुतीने तेथील सरकारने इ. स. १८८८ ते १९०९ या काळात प्रत्येक मोठ्या प्राण्यामागे एक पौंड इनाम दिले. अशी २१८४ इनामे दिल्याची नोंद आहे. पुढे या प्राण्यास कायद्याने संरक्षण मिळाले ते १९३६ च्या जुलैमध्ये. आणि माणसास ठाऊक असलेला शेवटचा थायलसीन होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात त्याच वर्षी ७ सप्टेंबरला मेला. संरक्षणाचा कायदा आणि जातीचा अंत यांमध्ये ५९ दिवसांचे अंतर होते.

दुसरी नोंद कोआलाची. निलगिरीच्या झाडावर राहणारा हा निरुपद्रवी प्राणी. त्याच्या मऊ कातडीस परदेशी बाजारात मोठी मागणी होती. १९२७ च्या ऑगस्टमध्ये क्वीन्सलँड राज्याने शिकारीस एक महिना मोकळीक दिली, आणि तेवढ्या अवधीत पाच लाखांहून अधिक कोआला मारले गेले. लोकांत फार मोठा क्षोभ झाला, आणि त्यानंतर त्या राज्यात कोआलाची अशी शिकार पुन्हा खुली झाली नाही.

या नोंदी आम्ही परनिंदेच्या हेतूने दिलेल्या नाहीत. त्या कातडीस गिऱ्हाईक होते म्हणून बंदूक चालली. गिऱ्हाईक, दलाल आणि निर्यातदार यांनी स्वतः एकही प्राणी मारला नसेल. परंतु कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही प्रकारच्या हिंसेचा विचार करणाऱ्या आपल्या धर्मात त्यांचा हिशेब वेगळा लागत नाही. ज्या देशाची बाकी अशी आहे, त्याच देशातील माणसे आज एकेका पिलासाठी रात्र जागवितात, हे पाहून आशा वाटते.

२. अनाथपण कसे येते

आपल्याकडील गाय, कुत्री वा मांजर यांची पिले गर्भातच बरीच वाढून जन्मास येतात. कांगारूवर्गातील प्राण्यांचे तसे नाही. तांबड्या कांगारूची मादी गर्भ केवळ सुमारे ३३ दिवस वाहते. जन्मलेल्या जीवाचे वजन एक ग्रॅमही नसते. वालाच्या दाण्याएवढा, आंधळा, केस नसलेला तो जीव असतो. तो स्वतःच्या पुढच्या पायांनी आईच्या पोटावरील केस धरीत वर चढतो, शिशुधानीत म्हणजे पोटावरील पिशवीत शिरतो, आणि तेथील एक स्तनाग्र तोंडात धरतो. ते स्तनाग्र तोंडात फुगते आणि पिलू त्यास घट्ट जोडले जाते. पुढे सुमारे आठ महिने ती पिशवी हेच त्याचे घर. करड्या कांगारूत हा काळ अकरा महिन्यांपर्यंत जातो. त्यानंतरही कित्येक महिने ते आईचे दूध पीत असते.

यावरून एक गोष्ट ध्यानी येईल. आई मोटारीखाली सापडून मेली, तरी पिशवीतील पिलू पुष्कळदा जिवंत राहते. मेलेल्या आईच्या थंड होत जाणाऱ्या शरीरात ते कित्येक तास तसेच पडून असते. म्हणूनच तेथील जीवरक्षक संस्था लोकांना आवर्जून सांगतात की, रस्त्यावर मेलेला असा प्राणी दिसला तर गाडी सुरक्षित जागी थांबवावी आणि पिशवी तपासावी. पिलू स्तनाग्रास जोडलेले असेल तर ओढू नये. ओढल्यास त्याचे तोंड फाटते. स्तनाग्रच कापून पिलासह न्यावे. तपासलेल्या मृत प्राण्यावर रंगाची खूण करण्याची पद्धत आहे, म्हणजे पुढून येणाऱ्यास पुन्हा थांबावे लागत नाही.

अनाथपणाची इतर कारणेही आहेत. जंगलतोडीने झाडावरचे पॉसम आणि कोआला खाली येतात आणि कुत्र्यांच्या तावडीत सापडतात. कुंपणाच्या काटेरी तारेत मोठी फळखाऊ वटवाघळे अडकतात. मादी असेल तर तिच्या पोटाशी पिलू असते. फळझाडांवर टाकलेल्या सैल जाळ्यांतही तीच गत होते. म्हणून व्हिक्टोरिया राज्याने १ सप्टेंबर २०२१ पासून घरगुती फळझाडांवरील जाळीचे भोक पाच मिलिमीटरहून मोठे नसावे असा नियम केला. ज्या जाळीतून माणसाचे बोट आरपार जाते ती घेऊ नये, अशी सोपी खूण लोकांस शिकविली जाते. शेतकऱ्याने झाड राखावे, पण वाघळाचा जीव जाऊ नये, असा हा मध्यममार्ग आम्हांस फार मोलाचा वाटतो.

आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे आग. २०१९-२० च्या उन्हाळ्यात त्या देशात जे वणवे पेटले, त्यांत सुमारे ३०० कोटी प्राणी मेले किंवा निराश्रित झाले असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये जागतिक वन्यजीव निधीसाठी तयार केलेल्या अहवालात मांडला. त्यांत सस्तन प्राणी १४ कोटी ३० लाख, सरपटणारे २४६ कोटी, पक्षी १८ कोटी आणि बेडूक ५ कोटी १० लाख असा तपशील आहे. आकडा वाचून मन बधिर होते. परंतु जो प्राणी समोर येतो तो एकच असतो, आणि त्याचेच काही करता येते.

३. आहारदान

भुकेल्या पिलास पाहताच दयाळू माणूस काय करील? वाटीभर गाईचे दूध आणील. ऑस्ट्रेलियातील या पिलांच्या बाबतीत हीच दया घातक ठरते. गाईच्या दुधातील दुग्धशर्करा त्यांस पचत नाही. जुलाब होतात, शरीरातील पाणी जाते. पिलू वाचलेच तर त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू होण्याची भीती असते. म्हणून त्यांच्यासाठी दुग्धशर्करा अत्यल्प असलेले खास दूध तयार करतात. दक्षिण ऑस्ट्रेलियातील वॉम्बारू नावाची कंपनी कांगारू, कोआला, वॉम्बॅट, पॉसम अशा निरनिराळ्या प्राण्यांसाठी निरनिराळी भुकटी बनविते, आणि कांगारूसाठीच्या भुकटीत वयोमानाने पायऱ्या आहेत. कारण आईचे दूधही पिलाच्या वयाबरोबर बदलत जाते. निसर्गाची योजना अशी अद्भुत आहे की, कांगारूच्या एका स्तनाग्रास नवजात पिलू आणि दुसऱ्यास पिशवीबाहेर पडलेले मोठे पिलू असेल, तर एकाच वेळी एकीकडे पातळ आणि दुसरीकडे दाट, अशी दोन प्रकारची दुधे स्रवतात.

केस नसलेल्या पिलास दर तीन-चार तासांनी, रात्रीही, लांब रबरी निपलने थेंबाथेंबाने दूध द्यावे लागते. दूध दिले की काम संपले असेही नाही. लहान पिलास आपण होऊन मलमूत्रविसर्जन होत नाही. आई ते चाटून करविते. येथे पालक माणसास ओल्या मऊ कापडाने ते करावे लागते. दूध किती घेतले, वजन किती वाढले, विष्ठा कशी झाली, हे सर्व रोज वहीत लिहितात. आमच्या धंद्यातील रोजकीर्दही इतकी काटेकोर नसते.

कोआलाच्या पिलाची कथा आणखी निराळी. निलगिरीची पाने विषारी आणि पचावयास जड. ती पचविणारे सूक्ष्म जीव पिलाच्या पोटात उपजत नसतात. पिशवीतून बाहेर डोकावू लागण्याच्या सुमारास आई त्यास आपल्या आतड्यातील एक विशेष मऊ द्रव खाऊ घालते, आणि त्यातून ते सूक्ष्म जीव पिलास मिळतात. अनाथ पिलास हे कोण देणार? म्हणून जाणते पालक निरोगी प्रौढ कोआलाच्या विष्ठेतून ते मिळवून त्यास देतात. पुढे प्रौढ कोआलास रोज अर्धा ते एक किलो ताजी पाने लागतात, आणि तीही त्या भागातील त्याच्या आवडीच्या मोजक्या जातींचीच. निलगिरीच्या शेकडो जाती असल्या तरी कोणतेही पान तोडून आणून चालत नाही.

येथे आपल्या दृष्टीने एक अवघड प्रश्न उभा राहतो. कुकाबरा नावाचा पक्षी किडे, सरडे आणि उंदीर खातो. घुबडाचे पिलू धान्यावर जगत नाही. अशा जीवांस आहारदान कसे करावे? दिल्लीच्या लाल मंदिराच्या आवारात आपल्या समाजाने चालविलेले पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय सर्वश्रुत आहे. तेथे शाकाहारी पक्ष्यांस दाखल करून घेतात, आणि शिकारी पक्ष्यांवर उपचार करतात परंतु त्यांस वस्तीस ठेवीत नाहीत. ही मर्यादा आम्हांस प्रामाणिक वाटते. आपल्या व्रतात जे बसत नाही ते आपण करू नये; परंतु जो ते करू शकतो त्याच्याकडे तो जीव वेळ न दवडता पोहोचवावा. आपल्या व्रतासाठी दुसऱ्या जीवास उपाशी मारणे हे व्रतपालन नव्हे. अन्नपाननिरोध हा अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांपैकी एक आहे, याचे स्मरण असावे.

४. औषधदान

अनाथ पिलाचे पहिले औषध ऊब आणि दुसरे औषध शांतता. पिशवीतील उष्णता कायम राहावी म्हणून केस नसलेल्या पिलास सुमारे ३२ अंशांवर आणि केस आलेल्यास सुमारे २८ अंशांवर ठेवतात. सुती कापडाच्या पिशवीत, त्यावर लोकरी पिशवीत घालून, अंधाऱ्या जागी टांगतात. गारठलेल्या पिलास प्रथम ऊब द्यावयाची, मग पाणी, आणि नंतर दूध. हा क्रम उलटा झाल्यास पचन होत नाही आणि जीव जातो. कांगारूचा स्वभाव इतका भित्रा की, पाठलाग, गोंगाट किंवा कुत्र्याचे भुंकणे यांच्या धसक्याने त्याचे स्नायू आतून नासतात आणि बाहेर एकही जखम नसता तो काही दिवसांनी मरतो. म्हणून रेडिओ नाही, कौतुकाने पाहावयास येणारी मुले नाहीत, या हातातून त्या हातात देणे नाही. आपण दयेपोटी ज्या गोष्टी करतो त्यांतील कितीतरी येथे वर्ज्य आहेत.

न्यू साउथ वेल्स राज्यातील पोर्ट मॅक्वॉरी येथे १९७३ पासून केवळ कोआलांसाठी चालविलेले रुग्णालय आहे. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये वणव्यातून एका स्त्रीने आपल्या अंगावरील वस्त्रात गुंडाळून बाहेर काढलेला लुईस नावाचा कोआला तेथेच आणला गेला. ते दृश्य साऱ्या जगाने पाहिले. भाजण्याच्या जखमा फार खोल होत्या; तो वाचला नाही. त्याच सुमारास रुग्णालयाने वनात पाणवठे बसविण्यासाठी २५,००० डॉलरची मागणी केली होती. जगभरातून ७० लाख डॉलरहून अधिक रक्कम आली. पिलांसाठी पिशव्या हव्यात असे कळताच घरोघर शिवणयंत्रे चालू झाली आणि इतक्या पिशव्या आल्या की, आता पुरे, असे सांगण्याची पाळी आली. दानशूरांची उणीव नव्हती. उणीव होती ती रात्री तीन वाजता उठणाऱ्या आणि शिकलेल्या हातांची. पैसा आठ दिवसांत जमतो; असा हात तयार व्हावयास वर्षे लागतात.

क्वीन्सलँडच्या उत्तरेस अॅथर्टनच्या पठारावर टोल्गा येथे वटवाघळांचे रुग्णालय आहे. त्या भागात एक विषारी गोचीड फळवाघळांस चावते, आणि त्यांस पक्षाघात होऊन ती झाडाखाली पडतात. हे घडते ते नेमके पिले अंगावर असण्याच्या हंगामात. स्वयंसेवक रोज झाडांखाली फिरून मेलेल्या आयांच्या अंगावरील जिवंत पिले गोळा करतात. काही वर्षी अशी पिले शेकड्यांनी भरतात. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये केर्न्सच्या परिसरात उष्णतेची लाट आली, तीत चष्मेवाल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीची सुमारे २३,००० वाघळे दगावली. ज्या प्राण्यास लोक अपशकुनी समजतात त्यासाठी एवढे श्रम कोण घेईल? पण हीच वाघळे रात्री मैलोगणती उडून फुलांचे पराग आणि फळांच्या बिया पसरवितात. त्यांच्यावाचून तेथील वने टिकणार नाहीत.

५. ज्ञानदान

हे सर्व वाचून कोणास वाटेल की, मनात दया असली म्हणजे कोणीही हे काम करू शकेल. तेथील कायदा तसे मानीत नाही. परवान्यावाचून वा परवानाधारक संस्थेचे सभासदत्व घेतल्यावाचून वन्य प्राण्याचे पिलू घरी वाढविता येत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये १९८५ साली स्थापन झालेली वायर्स ही संस्था, किंवा १९८९ साली निघालेली वाइल्डलाइफ व्हिक्टोरिया, अशा संस्था स्वयंसेवकांस शिक्षण देतात, दूरध्वनीवर दिवसरात्र मार्गदर्शन करतात आणि जवळच्या जाणकाराकडे प्राणी पोहोचवितात. वाघळास हात लावावयाचा असेल तर आधी रेबीजविरोधी लस घेतलेली असावी लागते. कारण १९९६ साली त्या देशातील वाघळांत रेबीजसारखाच एक प्राणघातक विषाणू आढळला. अननुभवी माणसास प्रथम सोपे प्राणी देतात. केस नसलेले कांगारूचे पिलू पहिल्याच वर्षी कोणाच्या हाती पडत नाही.

या शिक्षणाचा एक धडा विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे : कधी उचलू नये, हे ओळखणे. घरट्यातून नुकतेच बाहेर पडलेले, पिसे आलेले पाखरू जमिनीवर फडफडताना दिसले म्हणजे ते अनाथ नसते. त्याचे आईबाप जवळच्या फांदीवर असतात आणि त्यास तेथेच भरवितात. ते घरी आणणे म्हणजे आईबाप असलेल्या मुलास पळविणे होय. दयेने केलेली ही चोरी आपल्याकडेही दर उन्हाळ्यात घडते.

६. अभयदान

चौथे दान सर्वांत कठीण. पिलास वर्ष-दीड वर्ष मांडीवर वाढविले, ते आपला वास ओळखते, हाकेस येते. आणि आता त्यास सोडावयाचे. हे एकाएकी होत नाही. केस येताच पिलास त्याच्याच जातीच्या दुसऱ्या पिलांबरोबर ठेवतात, म्हणजे आपण माणूस नसून कांगारू आहोत हे त्यास कळते. दूध कमी होत जाते, माणसाचा स्पर्श आणि आवाज कमी होत जातो. मग वनालगतच्या मोठ्या कुंपणात गट करून ठेवतात, आणि एके दिवशी फाटक उघडे टाकतात. येणे-जाणे मोकळे असते. काही दिवस ती संध्याकाळी परत येतात, पुढे दोन दिवसांआड, आणि मग येत नाहीत. वॉम्बॅट स्वतः बीळ खणू लागला, वाघूळ आपल्या थव्यात मिसळले, की पालकाचे काम संपले. जो पालक मोहाने प्राण्यास माणसाळवितो तो त्याचा घातच करतो. माणसास आणि कुत्र्यास न भिणारा कांगारू वनात फार दिवस जगत नाही.

अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत बंध, म्हणजे जीवास कोंडून वा बांधून ठेवणे, हाही दोष सांगितला आहे. वाढविलेल्या पिलावरील ममत्व सोडणे हा अपरिग्रहाचाच एक प्रकार आहे, आणि तोही धनाच्या त्यागाहून अवघड. धन सोडताना ते आपणांस हाक मारीत नाही.

मात्र एका मुद्द्यावर आमचा त्या लोकांशी स्पष्ट मतभेद आहे, आणि तो झाकून ठेवणे योग्य होणार नाही. जो प्राणी पुन्हा वनात स्वतंत्रपणे जगू शकणार नाही त्यास सामान्यतः वेदनारहित मरण द्यावे, असे तेथील नियम सांगतात. त्याच देशात सरकारी परवान्याने कांगारूंची व्यापारी शिकारही चालते, आणि मारलेल्या मादीच्या पिशवीतील पिलासही तात्काळ मारावे अशी तेथील शिकारीची संहिता आहे. शिकारीविषयी तर बोलावयासच नको. परंतु असाध्य प्राण्यास मरण देण्यामागील त्यांचा विचार ऐकून घेण्यासारखा आहे. ते म्हणतात की, पिंजऱ्यात जन्मभर भीतीने थरथरणारा वन्य जीव ठेवणे ही त्याची सेवा नव्हे. आणि जी जागा त्याने अडविली ती वाचू शकणाऱ्या दुसऱ्यास मिळत नाही. आम्हांस हे मान्य नाही. आयुष्य देणे आपल्या हाती नाही, तेव्हा ते संपविण्याचा अधिकारही आपल्या हाती नाही. अखेरच्या श्वासापर्यंत वेदना कमी करीत जवळ बसणे एवढेच आपले काम. १८३४ साली मुंबईचे पांजरपोळ निघाले आणि आजही गावोगावच्या पांजरपोळांत भाकड, लुळी, आंधळी जनावरे सांभाळली जातात, ती याच श्रद्धेने. पण मग ती श्रद्धा पाळण्याचा पुरा खर्चही आपणच उचलला पाहिजे. ज्या पांजरपोळात जागेपेक्षा जनावरे अधिक, वैद्य नाही आणि चारा मोजून, तेथे आपण मरण नाकारतो पण जीवनही देत नाही. अशा ठिकाणी त्या लोकांच्या आक्षेपास आपल्यापाशी उत्तर राहत नाही.

७. आपणांस बोध

लेख लांबला, आता आपल्या मंडळाच्या सभासदांपुढे तीन गोष्टी ठेवून आटोपता घेतो.

पहिली गोष्ट वखारीसंबंधी. २०२१ साली ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागात उंदरांचा भयंकर सुळसुळाट झाला आणि धान्याचे अतोनात नुकसान झाले. तेव्हा न्यू साउथ वेल्स सरकारने ब्रोमाडिओलोन हे जालीम विष वापरण्याची अनुमती मागितली. ती मिळाली नाही. कारण ते विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, त्यास घुबड वा घार खाते, आणि विष तिच्यातही उतरते. हेच विष आपल्या बाजारपेठेतही सहज विकत मिळते. जीवदयेच्या टिपेत आकडा मांडणाऱ्या पेढीने आपल्याच वखारीत ते टाकावे, आणि मागील पिंपळावरच्या घुबडाची पिले उपाशी मरावीत, हा जमाखर्च जुळत नाही. जोते उंच करणे, दाराच्या खालच्या फटीस पत्रा मारणे, थप्प्या भिंतीपासून दूर लावणे, सांडलेले धान्य रोज झाडून घेणे, हे उपाय जुनेच आहेत. त्यांस खर्च आणि कष्ट लागतात. विषास लागत नाहीत, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट पक्षी सोडविण्याच्या प्रथेविषयी. पर्वदिवशी बाजारातून पिंजऱ्यातील पक्षी विकत घेऊन सोडणे यास आपण अभयदान म्हणतो. भावना निर्मळ आहे. परंतु आपण व्यापारी आहोत. मागणी वाढली की आवक वाढते हे आपणांस कोणी शिकवावयास नको. आपल्या पर्वासाठी पारधी आधी जाळे लावतो. दहा पक्षी पिंजऱ्यापर्यंत पोहोचण्याआधी काही जाळ्यातच मरतात, आणि घरट्यात पिले वाट पाहत राहतात. आपण सोडलेला दमलेला पक्षी त्याच्याच जाळ्यात पुन्हा सापडावयास वेळ लागत नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडील पोपटादी पक्ष्यांचा व्यापार गुन्हा आहे. कातडीचे गिऱ्हाईक आणि कोआला यांचा जो संबंध वर सांगितला, तोच येथे आहे. हे गिऱ्हाईक आपण होऊ नये. तो पैसा जखमी पक्ष्यांच्या उपचारास द्यावा, आणि पक्षी विकणाऱ्याची वर्दी वनखात्यास द्यावी.

तिसरी गोष्ट ज्ञानदानाची. जीवदया निधीतील काही हिस्सा दरवर्षी दोन-तीन तरुणांस जखमी पशुपक्ष्यांच्या प्राथमिक उपचाराचे शिक्षण देण्यावर खर्च करावा; जवळचा पशुवैद्य आणि वनखात्याचे कार्यालय यांचे दूरध्वनी क्रमांक प्रत्येक पेढीत भिंतीवर लावावेत; वन्य प्राण्याचे पिलू सापडल्यास ते घरी न ठेवता त्यांच्या हवाली करावे. संक्रांतीस मांज्याने कापलेला पक्षी कोणी आणून दिला तर त्यास ऊब, अंधार आणि शांतता द्यावी, घशात पाणी ओतू नये, एवढे तरी प्रत्येक दुकानातील मुलास ठाऊक असावे.

आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने वेगवेगळी नाहीत, हे त्या दूरच्या देशातील माणसांनी कृतीने दाखविले आहे. ज्ञानावाचून दिलेला आहार विष होतो, आणि अभयावाचून केलेला उपचार कैद होते. ज्या समाजाने दयेचा विचार इतक्या सूक्ष्मपणे केला, त्याच्या पेढ्यांवर आणि वखारींत ती दया तितक्याच सूक्ष्मपणे आचरली जावो, एवढीच प्रार्थना करून ही लेखणी थांबवितो. जय जिनेंद्र.